डिजिटल पियानोवरील आपले वादन ध्वनिमुद्रित करताना

षड्ज पांढरी एकवर धरून उजव्या हाताने भूप रागाचा आरोह वाजवला, तर सा, रे, ग या तीन स्वरांवर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट येते आणि पंचमासाठी अंगठा हाताखालून पुढे न्यावा लागतो. मी लहानपणापासून पेटी वाजवत आलो आणि पियानोकडे उशिरा वळलो. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर अवलंबून असतो, त्यामुळे कोणते बोट किती जोराने पडते याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. डिजिटल पियानोवर दोन महिने भूप घोटून, आता हात बसला असे वाटल्यावर मी तो पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केला आणि ऐकायला बसलो, तेव्हा पहिल्याच मिनिटात लक्षात आले की प्रत्येक पंचम शेजारच्या स्वरांपेक्षा ठळक उमटतो आहे. कोणती पट्टी किती जोराने दाबली हे आकड्यांत लिहिणारी मिडी नोंद संगणकावर उघडून पाहिली, तर बाकीचे स्वर ६५ ते ७२ या जोराने वाजले होते आणि पंचम ८८ ते ९४ या जोराने. जड अंगठा खालून सरकून येताना पट्टीवर आदळत होता आणि दोन महिन्यांत हे माझ्या कानाला एकदाही जाणवले नव्हते.

वाजवणाऱ्याचे निम्मे लक्ष पुढच्या स्वराकडे लागलेले असते, म्हणून नुकताच वाजून गेलेला स्वर तो पुरतेपणी ऐकू शकत नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना हात मोकळे असतात आणि कान पूर्ण जागा असतो. डिजिटल पियानो घरात असणाऱ्याला हे साधण्यासाठी स्टुडिओची गरज नाही. बहुतेकांकडे लागणारे सामान आधीच असते, फक्त ते कसे जोडायचे आणि कोणत्या क्रमाने वापरायचे हे माहीत नसते. ते येथे सविस्तर मांडतो.

नोंद दोन प्रकारची असते

पहिला प्रकार मिडीचा. १९८३ मध्ये रूढ झालेल्या या पद्धतीत आवाज साठवला जात नाही. कोणती पट्टी कोणत्या क्षणी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली आणि पेडल केव्हा खाली गेले व वर आले, एवढीच माहिती त्यात असते. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ ते १०८ असे क्रमांक असतात आणि आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो. विष्णु दिगंबर पलुस्करांची किंवा भातखंड्यांची स्वरलिपी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना परिचयाची असते. तिच्यातून स्वर आणि मात्रा कळतात, पण एखादा स्वर नेमका किती जोराने लावला हे आकड्यात कळत नाही. मिडी ही तो आकडाही लिहून ठेवणारी स्वरलिपी आहे असे समजावे. तिची लय नंतर निम्मी केली तरी स्वर उतरत नाहीत आणि चुकलेला एकच स्वर नंतर दुरुस्तही करता येतो.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष ध्वनीचा. येथे जो आवाज निघाला तो जसाच्या तसा साठवला जातो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. त्यामुळे एका मिनिटाला सुमारे १०.५ एमबी जागा लागते, तर तेवढ्याच वादनाची मिडी फाइल काही केबींत मावते.

माझे मत असे आहे की स्वतःच्या अभ्यासासाठी मिडी आणि दुसऱ्याला ऐकवण्यासाठी ध्वनी ही विभागणी बहुतेकांना पुरते. मात्र मिडी फाइल कुणाला पाठवली, तर ती त्याच्या यंत्रातल्या पियानोच्या आवाजात वाजते. आपल्या पियानोचा गोडवा तिच्याबरोबर जात नाही, हे पाठवण्यापूर्वी ध्यानात असावे.

आधी पियानोची पाठ पाहावी

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी पियानो भिंतीपासून पुढे ओढून त्याच्या मागच्या बाजूच्या खोबणी नीट पाहाव्यात. प्रिंटरला असते तशी चौकोनी यूएसबी खोबण असेल, तर ती संगणकाला जोडण्यासाठी आहे. पेन ड्राइव्ह बसेल अशी सपाट खोबण असेल, तर पियानो स्वतःच तिच्यावर फाइल लिहू शकतो किंवा तिच्यावरची फाइल वाजवू शकतो. ‘लाइन आउट’ किंवा ‘ऑक्स आउट’ असे लिहिलेली दोन छिद्रे असतील, तर ध्वनिमुद्रणासाठी ती सर्वांत सोयीची. यांपैकी काहीच नसले तरी हेडफोनचे छिद्र असतेच आणि तेवढ्यावरही उत्तम काम होते.

चौकोनी यूएसबी दिसली म्हणजे तिच्यातून आवाज जाईलच असे मात्र नाही. यामाहा पी-४५ सारख्या पियानोत तिच्यातून फक्त मिडी जाते, तर यामाहा पी-१२५ किंवा रोलँड एफपी-३०एक्स यांत त्याच एका केबलमधून मिडी आणि ध्वनी दोन्ही जातात. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी आणि पहिल्या संध्याकाळी वाजवण्याऐवजी ती वाचावी.

पियानोतला रेकॉर्डर

पियानोवर लाल ठिपक्याचे बटण असेल, तर सुरुवात तेथूनच करावी. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकू लागतो आणि बहुतेक पियानोंत पहिली पट्टी दाबली की नोंद आपोआप सुरू होते, त्यामुळे सुरुवातीला रिकामी जागा राहत नाही. वाजवून झाल्यावर शेवटच्या स्वराची आस पूर्ण विरू द्यावी आणि मगच थांबवावे. मेट्रोनोमची टकटक सहसा या नोंदीत उतरत नाही, त्यामुळे ती चालू ठेवून वाजवायला हरकत नाही.

काही पियानोंत डावा आणि उजवा हात वेगवेगळ्या वाटेवर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदवता येतो. आधी डाव्या हाताची नोंद करून ती वाजत असताना उजवा हात वाजवणे हा लयीचा कसून घेतलेला अभ्यास आहे, कारण मघाचा डावा हात आताच्या उजव्या हातासाठी थांबत नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पियानोच्या पोटात जागा मर्यादित असते आणि साध्या पियानोंत एकाच वादनाची जागा असल्याने नवी नोंद केली की जुनी पुसली जाते, म्हणून चांगली नोंद लगेच बाहेर काढून घ्यावी. दुसरे, नोंद जतन होत असताना पियानो बंद करू नये आणि पेन ड्राइव्हही उपटू नये. पावसाळ्यात आमच्या भागात विजेचा लपंडाव चालतो. अशाच एका संध्याकाळी पाऊण तास वाजवलेले सारे जतन होण्याआधीच वीज गेली आणि त्यातला एक स्वरही हाती लागला नाही. तेव्हापासून मी लांब बैठक एकाच नोंदीत करत नाही, दर दहा मिनिटांनी थांबून जतन करतो. पेन ड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घेऊन तो पियानोवरच फॉरमॅट करून घ्यावा, म्हणजे तो ओळखण्यात अडचण येत नाही.

केबलने संगणकावर

पियानोतून यूएसबीवाटे ध्वनी जात असेल, तर काम सोपे आहे. केबल जोडावी, कंपनीचा ड्रायव्हर लागत असल्यास तो बसवावा आणि संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये इनपुट म्हणून पियानो निवडावा. या मार्गात खरखर नाही, गुणगुण नाही आणि आवाज कमी-जास्त करण्याची कटकटही फारशी नाही. एकच अडचण येते. संगणकाकडून परत येणारा आवाज पियानो पुन्हा संगणकाकडे पाठवू लागतो आणि प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येतो. पियानोच्या सेटिंगमधला ‘लूप बॅक’ बंद केला की हे थांबते. मिडी नोंदवतानाही असाच दुहेरी आवाज येतो, कारण पट्टीचा आवाज पियानो स्वतः काढतो आणि संगणकही तीच पट्टी पियानोला परत वाजवायला सांगतो. तेव्हा पियानोचा ‘लोकल कंट्रोल’ तरी बंद करावा किंवा संगणकावरील सॉफ्टवेअरमधले मिडीचे परत पाठवणे तरी.

यूएसबीतून ध्वनी जात नसेल, तर पियानोच्या केबलमधला आवाज संगणकाला समजेल अशा रूपात बदलणारी ऑडिओ इंटरफेस नावाची लहान पेटी मध्ये लागते. फोकसराइट किंवा बेहरिंगरसारख्या कंपन्यांच्या दोन इनपुटच्या पेट्या या कामाला पुरतात. एक इनपुट असलेली घेऊ नये, कारण पियानोचा आवाज डावा आणि उजवा असा दोन वाहिन्यांत असतो आणि एकीत कोंबला की तो चपटा होतो. लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रात पियानोची केबल थेट खुपसण्याचा मोह टाळावा. ते छिद्र मायक्रोफोनच्या अत्यंत क्षीण संकेतासाठी आणि बहुधा एकाच वाहिनीसाठी असते. त्यात पियानोचा भरदार संकेत गेला की आवाज फाटतो.

केबलची निवड येथे महत्त्वाची ठरते. नाशिकमध्ये एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोठ्या पिनला ‘पी-३८’ आणि लहान पिनला ‘ईपी पिन’ म्हणतात, तेव्हा त्याच नावाने मागावे. पियानोला लाइन आउटची दोन छिद्रे असतील, तर दोन्ही टोकांना मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, पी-३८ असलेल्या दोन केबली घ्याव्यात. फक्त हेडफोनचे छिद्र असेल, तर एका टोकाला एक स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांची, पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८ अशी फुटणारी केबल घ्यावी. हेडफोनचे छिद्र मोठे आहे की लहान, हे घरून निघतानाच पाहून जावे. दुकानात स्टिरिओ पिन आणि मोनो पिन शेजारी धरून पाहिल्या, तर स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या रेघा आणि मोनो पिनेवर एकच रेघ दिसते. घाईत चुकीची केबल हाती पडते ती ही रेघ न पाहिल्यामुळे. लांबी दोन ते तीन मीटरपेक्षा जास्त नसावी.

इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ असे बटण असेल तर ते बंद ठेवावे. नाव वाचून ते पियानोसाठी आहे असे वाटते, पण ते इलेक्ट्रिक गिटारसाठी असते आणि पियानोला लाइन इनपुटच हवे. काही मायक्रोफोनांना वीज पुरवणारे ४८ व्होल्टचे बटणही बंद ठेवावे.

हेडफोनच्या छिद्रातून आवाज घेताना आणखी एक बारकावा आहे. अनेक नव्या पियानोंत हेडफोन लावल्यावर आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटावा म्हणून वेगळी प्रक्रिया आपोआप सुरू होते. कानाला ती सुखद असते, पण हाच आवाज पुढे स्पीकरवर ऐकला की पोकळ आणि दूर गेल्यासारखा वाटतो. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी.

संगणकावर ध्वनीसाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात रेकॉर्डिंगचे साधन म्हणून इंटरफेस निवडावा, वाहिन्या दोन ठेवाव्यात आणि नमुन्यांचा दर ४४,१०० असावा. ऑडॅसिटी मिडी नोंदवत नाही. त्यासाठी रीपर किंवा ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड वापरावे. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ सुरू असेल तर ते बंद करावे, कारण बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून केलेली ती सोय पियानोची आसच कापून टाकते.

सगळे जोडून झाले की आधी सर्वांत डावीकडची आणि मग सर्वांत उजवीकडची पट्टी वाजवून दहा सेकंदांची नोंद करावी आणि हेडफोनवर ऐकावी. खर्जाचा स्वर डाव्या कानाकडे आणि तारेचा उजव्या कानाकडे झुकलेला असावा. उलट असेल तर दोन पिना अदलाबदल करून लावाव्यात. एकाच कानात आवाज येत असेल, तर कुठली तरी पिन अर्धवट बसली आहे. पी-३८ पूर्ण बसल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला जाणवतोही. या दहा सेकंदांच्या चाचणीने माझे कितीतरी रविवार वाचवले आहेत.

आवाजाची पातळी

ध्वनिमुद्रण बिघडते ते सर्वाधिक येथे. डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल ही वरची मर्यादा असते आणि तिच्या खालचे सारे आकडे ऋण असतात. शून्याला धडकलेला आवाज सपाट कापला जातो, तेथे कडकड ऐकू येते आणि तो कापलेला भाग नंतर परत मिळत नाही. उलट थोडा हळू नोंदवलेला आवाज नंतर हवा तेवढा वाढवता येतो. म्हणून चूक करायचीच तर हळू बाजूला करावी.

पियानोच्या आवाजाचा खटका दोन तृतीयांशावर ठेवून त्याजवळ पेन्सिलने खूण करावी, म्हणजे पुढच्या वेळी तीच पातळी मिळते. मग आपल्या रचनेतला सर्वांत जोरकस भाग, दोन्ही हातांनी, पेडल दाबून वाजवावा आणि इंटरफेसवरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज कमी-जास्त करणारा खटका, असा लावावा की मोजपट्टीवरचा सर्वांत उंच ठोका उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या आसपास राहील. चाचणीत माणूस हात राखून वाजवतो आणि लाल दिवा लागल्यावर त्याच जागी जास्त जोर लावतो, हे मी माझ्या आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीत दर वेळी पाहिले आहे. तेवढी मोकळी जागा वर ठेवलेली असली की तो जोर सामावून जातो. इंटरफेस २४ बिटमध्ये नोंदवू शकत असेल तर तेच निवडावे, कारण त्यात हळू नोंदवलेला आवाज नंतर वाढवला तरी पार्श्वभूमीची सळसळ वर येत नाही. काही पियानोंत लाइन आउटचा आवाज मुख्य खटक्याने बदलत नाही. तेथे सारे काम इंटरफेसच्या गेनवरच करावे.

वाजवत नसताना हेडफोनमध्ये बारीक गुणगुण ऐकू आली, तर सर्वप्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि पियानो व लॅपटॉप दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेले की ती ५० हर्ट्झची गुणगुण केबलमधून ध्वनीत शिरते. बहुतेक वेळा चार्जर निघताच शांतता होते. बॅटरी टिकत नसेल, तर दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत आणि तरीही गुणगुण राहिली तर ती अडवणारे ग्राउंड लूप आयसोलेटर हे लहान साधन केबलच्या मध्ये लावावे. थ्री-पिनची अर्थिंगची पिन मोडणे किंवा तिच्यावर टेप लावणे हा उपाय काही जण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, तो कदापि करू नये.

फोनने किंवा मायक्रोफोनने

केबल नको असेल किंवा खोलीतला नैसर्गिक घुमारा हवा असेल, तर फोन पुरतो, पण मग खोली आणि वेळ दोन्ही निवडावी लागतात. गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे नाशिकमध्ये संध्याकाळी ढोल पथकांचा सराव चालतो. तो ढोल आम्हा नाशिककरांच्या अभिमानाचा विषय आहे, पण त्याचा खर्ज बंद खिडकीतूनही आत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. त्या दिवसांत मी मायक्रोफोनचा नाद सोडून केबलच वापरतो, कारण केबलला ढोल ऐकू येत नाही. याउलट डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे फोनने ध्वनिमुद्रण करण्यासारखा काळ नाही. नाशिकच्या थंडीत पंखा बंद ठेवता येतो, खिडक्या बंद ठेवता येतात आणि साडेपाचला गंगापूर रोडवर वाहनेही तुरळक असतात. पंख्याची घरघर ही उन्हाळ्यातल्या रेकॉर्डिंगमधली सर्वांत मोठी अडचण असते आणि ती नंतर काढायला गेले की पियानोच्या आवाजालाही धक्का लागतो.

फोन पियानोवर ठेवू नये. पट्ट्यांची खटखट लाकडातून थेट त्याच्यात जाते आणि डिजिटल पियानोत ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी असते. शेजारी, मीटर-दीड मीटर अंतरावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टूल ठेवून त्यावर घडी केलेला टॉवेल आणि त्यावर फोन ठेवावा. काही पियानोंचे स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून असतात. तेथे फरशीवर सतरंजी घातली की आवाजाचा कर्कशपणा कमी होतो. समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगली तरी मोठा फरक पडतो.

फोनमधले साधे व्हॉइस रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेले असतात. पियानोचा स्वर विरत जाताना हे ॲप त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून दाबते किंवा आपणहून आवाज वाढवते, त्यामुळे आस उसळत-खचत राहते. आपोआप पातळी बदलण्याची सोय बंद करता येईल आणि वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाजातले काही न गाळता, साठवता येईल असे ॲप वापरावे. आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये ‘लॉसलेस’ निवडावे.

चित्रफीत

हात दिसावेत आणि आवाजही स्वच्छ असावा असे वाटत असेल, तर चित्र फोनवर आणि ध्वनी केबलने संगणकावर असे वेगवेगळे घेऊन नंतर जुळवता येतात. जुळवण्यासाठी टाळी वाजवण्याची पद्धत येथे उपयोगी पडत नाही, कारण केबलमधून टाळीचा आवाज जातच नाही. त्याऐवजी सुरुवातीला एक बोट उंच उचलून तारसप्तकातली एकच पट्टी तुटक वाजवावी. चित्रात बोट पडताना दिसते, फोनच्या ध्वनीत त्या पट्टीची खटखट असते आणि संगणकाच्या ध्वनीत तो स्वर असतो. तिन्ही एका रेषेत आणले की सारे जुळते. दहा मिनिटांपेक्षा लांब वादनात दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत किंचित फरक पडून शेवट मागेपुढे होऊ शकतो, म्हणून शेवटीही तशीच एक पट्टी वाजवून ठेवावी.

परीक्षेच्या चित्रफितीला मात्र हा मार्ग वापरू नये. एबीआरएसएम या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या परफॉर्मन्स ग्रेड परीक्षा २०२० पासून चित्रफितीवर घेतल्या जातात आणि त्यांत चारही रचना सलग, एकाच अखंड चित्रफितीत वाजवाव्या लागतात. कापाकापी चालत नाही. तेथे साधे, एकाच यंत्राने घेतलेले चित्र आणि ध्वनी बरे. हात, पट्ट्या, पेडल आणि चेहरा बाजूने दिसेल अशा कोनात फोन लावावा, तो एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर तिसऱ्या रचनेच्या मध्यात फोन वाजतो, आणि फोनमध्ये किती जागा शिल्लक आहे हे आधी पाहावे.

बैठक

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी नवे काही शिकू नये. हात गरम झाल्यावर एकदा पूर्ण वाजवून घ्यावे, पण तेही नोंदवावे. हे सरावाचे वाजवणे कित्येकदा सर्वांत मोकळे निघते. मग तीन वेळा वाजवावे. चूक झाली तरी थांबू नये, कारण थांबण्याचीच सवय लागते आणि मैफलीत थांबता येत नाही. सुरुवातीला पाच सेकंद शांत बसावे, शेवटी स्वर पूर्ण विरेपर्यंत पेडल सोडू नये आणि त्यानंतर आणखी पाच सेकंद बाकावरून हलू नये. बाकाची कुरकुर मायक्रोफोनला चांगली ऐकू येते. तीन वेळा वाजवूनही मनासारखे झाले नाही, तर त्या दिवशी चौथ्यांदा करू नये. माझ्या अनुभवात चौथ्या वेळी चुका कमी होतात, पण त्या वादनात जीव उरत नाही.

ऐकणे

ध्वनिमुद्रण ज्या दिवशी केले त्या दिवशी ते ऐकू नये. बोटांना काय वाटले होते याची आठवण ताजी असते आणि ती कानाला फसवते. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता, परक्या माणसाचे वादन ऐकावे तसे सलग ऐकावे. दुसऱ्यांदा फक्त लयीकडे लक्ष द्यावे आणि मांडीवर हाताने मात्रा मोजाव्यात. जेथे मोजणारा हात आणि वादन वेगळे पडते ती जागा लिहून ठेवावी. अवघड जागी लय ओढली जाते हे सगळ्यांना माहीत असते, पण सोप्या जागी ती नकळत वाढलेली असते हे ऐकल्यावरच कळते. तिसऱ्यांदा डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. पेटीवरून आलेल्यांचा डावा हात बहुधा जड असतो, कारण इतकी वर्षे त्याने भाता ओढलेला असतो. मिडीमध्ये दोन्ही हातांचे आकडे पाहिले की हे वादातीत दिसते.

पेडलसाठी मिडीची नोंद अमूल्य आहे. नवा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, वाजल्यानंतर लगेच पेडल वर येऊन पुन्हा खाली गेलेले दिसले पाहिजे. ते कॉर्डच्या आधीच वर आले असेल तर मध्ये खड्डा ऐकू येतो आणि फार उशिरा आले असेल तर आधीचा कॉर्ड नव्यात मिसळून चिखल होतो. हा उशीर पडद्यावर रेघांच्या रूपात दिसतो आणि कितपत बदलायचे हे डोळ्यांनाही समजते.

माझ्या भूपातल्या पंचमासाठी मी अंगठा आधीच, गंधार वाजत असतानाच, पंचमाच्या पट्टीवर नेऊन ठेवण्याचा सराव केला आणि दर रविवारी तोच आरोह नोंदवला. दुसऱ्या रविवारी आकडे ८० च्या घरात आले, चौथ्या रविवारी ७४. द्रुत लयीत ते अजून ८० वर जातात, म्हणून ती नोंद मी वेगळी ठेवतो.

जतन करणे आणि पाठवणे

संपादन जितके कमी तितके बरे. आगेमागे कापावे, शेवटच्या अर्ध्या सेकंदाला हळूहळू विरवावे आणि पूर्ण वादनाची पातळी अशी वाढवावी की सर्वांत मोठा स्वर उणे १ डेसिबलला येईल. केबलने घेतलेला आवाज कोरडा वाटला तर किंचित घुमारा द्यावा, पण तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल इतकाच.

मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवावी, एमपी-३ फक्त पाठवण्यासाठी काढावी. नावात आधी वर्ष, मग महिना आणि दिवस लिहावा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. त्यानंतर रचना आणि लय लिहावी. गायकाच्या साथीसाठी वाजवले असेल तर काळी दोन, पांढरी चार अशी पट्टीही लिहावी, कारण पट्टी बदलणारे ट्रान्स्पोजचे बटण कुठे होते हे महिन्याभराने कुणाला आठवत नाही. एक प्रत संगणकावर आणि एक बाहेरच्या डिस्कवर असावी.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ध्वनिफीत फोनवर पुन्हा नोंदवून व्हॉइस मेसेजने पाठवू नये. त्यात पियानोचे वरचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे ती आहे तशी पोहोचते. गुरूंकडे पाठवत असाल तर सोबत एक ओळ लिहावी की कितव्या मिनिटाला, कोणत्या जागेविषयी विचारायचे आहे. दहा मिनिटांचे वादन कोऱ्या संदेशासह मिळाले की ऐकणाऱ्याला कशाकडे कान द्यावा हे कळत नाही, आणि ‘२ मिनिटे १० सेकंदांवर पेडल उशिरा सुटते का, कृपया सांगावे’ असे लिहिले, तर त्याच संध्याकाळी नेमके उत्तर येते.